‘द हॉबिट’ मुलांच्या हाती जरूर द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जे. आर. आर. टॉल्किन यांची ‘द हॉबिट’ ही कादंबरी शाळेच्या वाचनालयातून पाचवी-सहावीच्या मुलांना देऊ नये, असे एका पालकांचे पत्र आपल्या दैनिकात वाचले. त्यात युद्ध आहे आणि आवडती पात्रे मरतात, हे त्यांचे कारण. मी मुलांचे वाचनालय चालवते. त्यांची काळजी मला समजते, मागणी मात्र पटत नाही.

हे पुस्तक छापण्याआधी प्रकाशकाने एका मुलालाच विचारले होते. स्टॅन्ली अन्विन यांनी हस्तलिखित आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला, वाचायला दिले. पुस्तक चांगले आहे, पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आवडेल, असा अभिप्राय त्याने एक शिलिंग घेऊन लिहून दिला आणि सप्टेंबर १९३७ मध्ये पुस्तक आले. पाचवे वर्ष मला फार लवकर वाटते. कोणी वाचून दाखवणार असेल तर आठव्या वर्षापासून, स्वतः वाचायचे तर दहाव्यापासून, असे मी पालकांना सांगते.

पुष्कळ जण पुस्तक चित्रपटांवरून जोखतात. २०१२ ते २०१४ या काळात आलेल्या तीन चित्रपटांत लढाया संपता संपत नाहीत. पुस्तकात मात्र शेवटच्या लढाईत कथानायक बिल्बोच्या (तो हॉबिट, म्हणजे एका ठेंगण्या काल्पनिक जमातीतला) डोक्यात दगड बसतो, तो बेशुद्ध पडतो आणि पुढचे सारे त्याला नंतर इतरांकडून कळते.

मोहिमेचा म्होरक्या, बुटक्यांचा राजा थोरीन याचा मृत्यू पुस्तकात आहे, आणि तो असायलाच हवा. ड्रॅगन मेल्यावर डोंगरातले सोने हाती येताच हा शूर राजा हटवादी होतो. ज्यांचे गाव ड्रॅगनने जाळले, त्यांनाही वाटा द्यायला तयार होत नाही. भांडण मिटावे म्हणून बिल्बो त्याचे लाडके रत्न गुपचूप विरुद्ध पक्षाला नेऊन देतो. ही मित्राशी दगाबाजी झाली का, यावर आमच्याकडे मुले तावातावाने भांडतात. सोन्याच्या मोहाने माणूस कसा बदलतो, हे त्यांना समजावून सांगावे लागत नाही. मरणशय्येवरचा थोरीन बिल्बोला बोललेले कठोर शब्द मागे घेतो. तो मृत्यू काढला, तर ही क्षमायाचनाही जाते. टॉल्किन स्वतः १९१६ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईत होते, जवळचे मित्र त्यांनी त्या युद्धात गमावले. मरण त्यांनी गंमत म्हणून लिहिलेले नाही.

खरी उणीव वेगळीच आहे. तेरा बुटके, एक जादूगार आणि एक हॉबिट मोहिमेवर निघतात, त्यांत एकही मुलगी नाही. आमच्या मुली हे विचारतात आणि त्यांचे बरोबरच आहे. जंगलातल्या राक्षसी कोळ्यांचे प्रकरणही भित्र्या मुलांना रात्री वाचून दाखवू नये.

त्या पालकांना माझी विनंती आहे, की पाचवे प्रकरण मुलासोबत बसून वाचावे. अंधाऱ्या गुहेत तिथे एकटाच राहणारा गॉलम नावाचा विचित्र प्राणी आणि बिल्बो एकमेकांना कोडी घालतात. तिथे थांबून मुलाला उत्तर शोधू द्यावे. पुढे हातात तलवार असताना, स्वतः अदृश्य असताना, बिल्बोला त्या एकाकी जिवाची दया येते आणि तो वार न करता त्याच्यावरून उडी मारून निघून जातो. हे वाचल्यावर त्यांनी मुलाशी बोलावे आणि मग पुस्तक द्यायचे की नाही ते ठरवावे.

आपली,
एक बालवाचनालय संचालिका, सातारा