आधी सेगा ऐकवल्याबद्दल

मॉरिशसच्या मावशींना,
सा. न.

मी तुमच्या दारात आले ती मराठी शोधत. कोकणातून उसाच्या मळ्यांवर गेलेल्यांची पतवंडं अजून गणपतीत झाकरी नाचतात, एवढं ऐकून निघाले होते. तुम्ही गरम दालपुरी पुढ्यात ठेवलीत आणि म्हणालात, "झाकरी कुठं पळून जात नाही. आधी सेगा ऐक." सेगा म्हणजे तुमच्या बेटावर आणलेल्या गुलामांचं आणि त्यांच्या वंशातल्या क्रिओल लोकांचं गाणं-नाच. तो आधी ऐकवण्याच्या त्या हट्टाबद्दल हे पत्र.

हॉटेलातला सेगा मी आदल्याच रात्री पाहिला होता. घेरदार घागरे, कीबोर्ड, पाहुण्यांना हाताला धरून नाचवणं. मी जरा नाक मुरडलं, तर तुम्ही लगेच म्हणालात, त्या पोरींचं पोट आहे त्यावर. मग संध्याकाळी किनाऱ्यावर घेऊन गेलात. रावान वाजवणाऱ्या काकांनी वाळूत पाचट पेटवलं आणि बकरीच्या कातड्याचा तो पसरट डफ ज्वाळेवर धरला. बोटांनी टिचकी, कान लावून ऐकणं, पुन्हा ज्वाळेवर. दमट खाऱ्या हवेत कातडं सैल पडतं, ते असं ताणून घ्यावं लागतं. माझा धीर सुटत चालला होता, पण तुम्ही म्हणालात की हेही ऐकायचंच असतं. मग शेजारच्या बाईंनी मारावान हलवायला घेतलं. उसाच्या तुऱ्याच्या काड्यांची ती चपटी पेटी, आत बिया. जोडीला लोखंडी त्रिकोण. संपला वाद्यमेळ! नाचणाऱ्यांचे पाय वाळूवरून उचलतच नव्हते, नुसते सरकत होते. बोलत होती ती कंबर आणि हात. क्रिओल भाषेतलं गाणं तुम्ही माझ्या कानात मराठीत सांगत होतात: नवऱ्याची टिंगल, शेजारणीची उणीदुणी, आणि मध्येच एका ओळीत कुणाचं तरी मरण. ताल मात्र तोच.

ल मॉर्नच्या डोंगराखाली तुम्ही गाडी थांबवलीत. मळ्यांवरून पळालेले गुलाम या कड्याकपारींत लपायचे, आणि 1964 मध्ये याच पायथ्याशी 'सेगाची रात्र' भरून 'ती फ्रेर' नावाचे गायक सेगाचे राजे ठरले, हे तुम्ही एका दमात सांगितलंत. पुढचं मात्र सावकाश. मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेतून आणलेल्या माणसांनी हे गाणं जपलं. 1835 मध्ये गुलामी उठली, मळेवाल्यांना मजूर हवे होते, म्हणून हिंदुस्थानातून गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, आणले. 1920 पर्यंत जवळजवळ 5 लाख. "आपली माणसं यांच्या जागेवर आली, म्हणून आधी यांचं गाणं." एवढं बोलून तुम्ही कायाची कॅसेट लावलीत. सेगा आणि जमैकाचं रेगे संगीत एक करणारा हा गायक 1999 मध्ये पोलीस कोठडीत मरण पावला आणि दंगलींनी बेट पेटलं. त्याबद्दल तुम्ही फार बोलला नाहीत, मीही विचारलं नाही.

युनेस्कोने 2014 मध्ये सेगाला आणि 2016 मध्ये तिथल्या भोजपुरी लग्नगाण्यांच्या 'गीत-गवई'ला वारसा मानलं. झाकरीचं नाव त्या यादीत नाही, याची तुम्हाला खंत दिसली नाही. गणपतीच्या रात्री तुमच्या अंगणात ढोलक आणि झांज सुरू झाली, पोरं फेर धरू लागली, आणि आमच्या रत्नागिरीकडची जाखडी मला ओळखू आली. फेऱ्यात एक क्रिओल जावईही होता. त्याचे पाय सेगासारखेच सरकत होते, आणि कुणीही त्याला टोकलं नाही. ते मला सगळ्यात आवडलं.

आता एक काम. मी केलेलं रेकॉर्डिंग आमच्या वाडीतल्या ढोलकीवाल्यांना ऐकवलं. झाकरी ऐकून ते हसले, रावानवर मात्र अडून बसले आहेत. कातडं बकरीचं की बोकडाचं, केस काढायला चुना वापरतात की राख, आणि लाकडी कड्याला ते कसं ठोकतात, हे त्यांना हवं आहे. काकांना विचारून कळवा. शक्यतो गणपतीच्या आत.

तुमची,
रत्नागिरीची भाची