जाईस, ईस्टरनंतर

प्रिय जाई,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

ईस्टरला तू प्रभुभोजनाला, भाकर आणि प्याला घ्यायला, उठली नाहीस आणि दुपारी जेवताना विलासकाकांशी वाद व्हायचा तो झाला. त्यांचा स्वभाव तुला माहीत, तुझा त्यांना. ते उगाळायला हे पत्र नाही. चर्चला जातेस का, हेही विचारायचं नाही असं मी ठरवलंय. फक्त निघताना तू म्हणालीस ना, "मला पटत नाही ते मी उभी राहून कशी म्हणू?" ते फोनवर बोलण्यासारखं नाही. फोनवर आपण दोघी तिसऱ्या वाक्याला चिडतो.

आधी प्रभुभोजनाचं. "अयोग्य प्रकारे खाऊ-पिऊ नये" या भीतीने तू बसून राहिलीस. ती भीती आपल्या मंडळीत पुष्कळांना लहानपणापासून घातलेली असते. पण पहिले करिंथ, म्हणजे पौलाचं करिंथच्या मंडळीला पहिलं पत्र, त्याचा अकरावा अध्याय विसाव्या वचनापासून वाच, मधूनच उचलू नकोस. पौल चिडलाय तो शंका घेणाऱ्यांवर नाही. करिंथात पैसेवाले लवकर येऊन आपापलं जेवण उरकत होते, एखादा पिऊन तर्र होत होता, आणि ज्यांच्या घरी काही नाही ते भुकेले राहत होते. अयोग्यपणा तो. अठ्ठाविसाव्या वचनात आत्मपरीक्षा करा आणि मग खा असं आहे, परीक्षा करून घरी जा असं नाही. तेहेतिसाव्यात उपाय सांगितलाय: एकमेकांसाठी थांबा. सगळा मजकूर शेजारच्या माणसाबद्दल आहे. म्हणून पटत नाही या कारणाने प्याला नाकारू नकोस. नाकारायचाच तर कुणाशी बोलणं तोडलंयस म्हणून नाकार, आणि आधी तिकडे जाऊन ये. (काकांना एक मेसेज कर. चार शब्द पुरतात.)

उपासनेत सगळे उभे राहून म्हणतात त्या विश्वासांगीकाराचं म्हणशील तर जे वाक्य आज म्हणवत नाही तिथे गप्प राहा आणि पुढच्या वाक्याला सामील हो. मागच्या बाकावरच्या आजीबाई ते म्हणत असतात, त्या दिवसापुरतं तेवढं चालतं. एखाद्या रविवारी त्यांना म्हणवणार नाही, तेव्हा तू म्हण. पण हे उपासनेत जमतं, खोलीत एकटीने बसून जमत नाही. जाऊ दे, मी विचारणार नव्हते.

येशूच्या वंशावळींवरून तू काकांना जे सुनावलंस ते बरोबर होतं, सुनावण्याची पद्धत नव्हती. मत्तयाच्या शुभवर्तमानात योसेफाचा बाप याकोब, लूकच्या शुभवर्तमानात एली. "लूकमधली मरीयेची" हे काकांचं उत्तर खूप जण देतात, पण लूकच्या मजकुरात तसं लिहिलेलं नाही. तुझा प्रश्न मात्र नवा नाही. तिसऱ्या शतकात युलियस आफ्रिकानस या ख्रिस्ती लेखकाने याच दोन नावांवर एक अख्खं पत्र लिहिलं. निपुत्रिक भावाच्या नावाने वंश चालवण्याच्या यहुदी रिवाजातून त्याने वाट काढली होती. ती तुला पटेल न पटेल. त्याच्याही आधी, दुसऱ्या शतकात, तातियानने चार शुभवर्तमानं एकत्र करून एकच सलग कथा बनवली. सोयीची होती, सिरियातल्या मंडळ्यांनी पुष्कळ वर्षं वापरलीही. तरी शेवटी मंडळीने चारही वेगवेगळी ठेवली, विसंगती दिसत असताना ठेवली. मंदिरातले सराफांचे चौरंग येशू योहानात दुसऱ्याच अध्यायात उलथतो, बाकी तिघांत शेवटच्या आठवड्यात. झाकायचं असतं तर तेव्हाच झाकलं असतं. तेव्हा असं काही सापडलं की चोरी पकडल्यासारखं वागू नकोस. आणि मार्कचं शेवटचं पान तुझ्या त्या पुस्तकातून कळायच्या आत मीच सांगते. सर्वांत जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत मार्क सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनाला संपतो, रिकाम्या कबरेपासून पळालेल्या बाया भ्यालेल्या, कुणाला काही न सांगता. पुढची बारा वचनं त्यांत नाहीत. मला स्वतःला तो शेवट आवडतो.

मार्कच वाच. सोळा अध्याय आहेत, रोज दहा-बारा वचनं घेतलीस तर दोन महिने पुरतात. उत्पत्तीपासून सुरुवात करणारे लेवीयमध्ये अडकतात, तिसऱ्या आठवड्यात सोडतात. डोळे मिटून कुठलंही पान उघडणं तर नकोच, तो कौल लावणं झालं. मराठीतून, मोठ्याने वाच. रूममेट झोपली असेल तर ओठ हलव. पहिल्यांदा नुसतं वाच. दुसऱ्यांदा कोण कुठे उभं आहे ते बघ, आणि कोण अस्वस्थ झालंय ते. बहुतेक वेळा शास्त्री नसतात, शिष्य असतात. तिसऱ्यांदा एका वाक्यावर थांब, पुस्तक मीट आणि तेच वाक्य देवाला परत म्हण, तक्रार असली तर तक्रार. मग दोन-तीन मिनिटं गप्प. मन मेसच्या बिलावर गेलं तर ओढून आणू नकोस, ते बिलच प्रार्थनेत घे. टीकाग्रंथ नंतर. आधी उघडलास तर दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचशील. फोनवर वाचत असशील तर इंटरनेट बंद ठेव, नाहीतर सातव्या वचनाला कुणाचा तरी मेसेज येतो.

काहीच वाटत नाही, कोरडं आहे, असं होईल. त्याला विश्वास गेला असं लगेच म्हणू नकोस. स्तोत्र ८८ काढ. दीडशे स्तोत्रांत गाऱ्हाण्यांचा मोठा वाटा आहे. बहुतेकांना शेवटी वळण मिळतं, याला मिळत नाही, ते अंधारातच संपतं. तरी ते पवित्र शास्त्रात आहे आणि उपासनेत वाचलं जातं. मार्क नऊमधला तो बाप मुलाला घेऊन येतो आणि एका दमात म्हणतो, "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका." मुलगा बरा झाला. आधी अविश्वास पुरता घालवून ये असं त्याला कुणी सांगितलं नाही.

आता तुझ्या खोलीतल्या दोघींबद्दल. नागपूरच्या मैत्रिणीने विचारलं, "बाबासाहेबांनी छप्पन्नला धम्म घेतला, तुम्ही त्याआधी मिशनमध्ये गेलात, तुमच्या चर्चमधून जात गेली का?" यावर तू गप्प झालीस, असं तूच सांगितलंस. गप्प होऊ नकोस, खरं सांग. नगर जिल्ह्यात १८७६-७८ च्या दुष्काळानंतर गावंच्या गावं बाप्तिस्म्याला आली. त्यांत बहुतेक महार आणि मांग. "पोटासाठी बाटले" हे टोमणे आपल्या चार पिढ्यांनी ऐकले. भाकरी मिळाली हे खरं आहे. शाळा मिळाली, सार्वजनिक विहिरीवर पाणी नाकारणाऱ्याच्या डोळ्यात डोळे घालून बोलायची हिंमत मिळाली, हेही खरं. योहान सहामध्ये येशू लोकांना तोंडावर सांगतो, तुम्ही भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून मला शोधता. पण त्याने आधी त्यांना जेवू घातलेलं असतं. आणि जात? कब्रस्तानात, लग्न जुळवताना, कमिटीच्या निवडणुकीत ती अजून भेटते. हे मान्य करायला लाज वाटते तर वाटू दे. सरकारी कागदाचं वेगळंच. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची यादी हिंदूंपुरती ठेवली, १९५६ला शीख आले, १९९०ला बौद्ध. ख्रिस्ती आजही बाहेर. म्हणून दोघींचे पणजोबा एकाच वस्तीतले असले तरी दाखले वेगळे. हे तिला ठाऊक असेल, तुलाही हवं.

असं कुणी काही नवीन मांडलं की उत्तर शोधायची घाई करू नकोस. ती काय म्हणते ते आधी तुझ्या शब्दांत तिलाच सांग. "हो, हेच" असं ती म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. दोन-तीनदा चुकतं, कारण आपण तिचं म्हणणं आपल्याला खोडता येईल असं करून ऐकतो. मग वेगळं कर: ही तक्रार मजकुराबद्दल आहे, इतिहासाबद्दल आहे, की आपल्या वागण्याबद्दल? वागण्याबद्दल असेल तर त्याला धर्मशास्त्राचं उत्तर देऊ नये. तिथे एक तर कबूल करायचं, नाहीतर सुधारायचं. देवाबद्दल असेल तर आठवडाभर तो विचार बाळग, झोपून ऊठ, आणि कुणातरी वडीलधाऱ्या विश्वासू माणसासमोर मांड. बिरुयाचे लोक पौलाचं ऐकून रोज शास्त्रात तपासत होते, आणि प्रेषितांच्या कृत्यांच्या सतराव्या अध्यायात त्याबद्दल त्यांची वाखाणणी आहे. "सर्व गोष्टींची पारख करा; चांगले ते बळकट धरा," हे पौल थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहितो, म्हणजे पारख करायला सगळी मंडळी बसलेली आहे. पुन्हा तिथेच आले बघ.

प्रसादाचं विचारलं होतंस. आपल्याकडे दोन मतं आहेत आणि दोन्हीकडे भली माणसं आहेत. पौल पहिले करिंथच्या दहाव्या अध्यायात सांगतो ते साधं आहे: समोर वाढलेलं खा, चौकशी करू नका. पण कुणी मुद्दाम म्हणालं की हे नैवेद्याचं आहे, तर थांबा, आणि तेही त्या सांगणाऱ्याच्या मनासाठी. मोदक मैत्रीने पुढे आला तर आभार मानून घे. आरतीत हात जोडून उभी राहू नकोस, पण तोंड वाकडं करून खोलीबाहेरही जाऊ नकोस. कोपऱ्यात बस, नंतर ताटं उचलायला मदत कर. नसरीनचे रोजे असतील तेव्हा तिच्या शेजारी बसून मॅगी उकळू नकोस, आणि पहाटे तिच्यासाठी गजर लावलास तर चिडचिड न करता लाव. इफ्तारला बोलावलं तर जा, खजूर घेऊन जा. ती तुझ्यासाठी तिच्या पद्धतीने दुआ मागेल. मागू दे.

हे सगळं लेक्चर झालं, मला कळतंय. संडे स्कूलची सवय. तू सात वर्षांची असताना भर वर्गात विचारलं होतंस, आदाम-हव्वेच्या काइनाची बायको कुठून आली? प्रमिलाबाई एवढ्या गोंधळल्या की त्यांनी गाणं सुरू केलं. मला तेव्हा तुझा राग यायला हवा होता, आणि मी फळ्याकडे तोंड करून हसत होते. पप्पांना घरी सांगितलं तर ते म्हणाले, "ही पंडिता होणार." पंडिता रमाबाईंनी १८८३ला इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे त्र्यैक्यावरून, मंडळीच्या अधिकारावरून तिथल्या सिस्टरांशी पत्रांतून कडाक्याचा वाद घातला. कुणाच्या म्हणण्याने मान डोलावली नाही. पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावात बसून सगळं बायबल मराठीत आणलं. पण केडगावात त्या एकट्या नव्हत्या गं. शेकडो बाया-मुलींची वस्ती होती ती, सकाळ-संध्याकाळ प्रार्थनेला घंटा व्हायची.

आणि येशूचा शिष्य थोमा. येशू पुन्हा उठला हे त्याला पटेना, म्हणून सगळे त्याला संशयी म्हणून हिणवतात. योहान विसावा नीट बघ. पहिल्या रविवारी तो तिथे नव्हता, म्हणून चुकला. आठ दिवसांनी दारं बंद, आणि तो आत आहे. विश्वास बसलेला नाही, तोंडाने तसं सांगितलंय, तरी आत आहे. बाकीच्या दहांनी त्याला बाहेर काढलं नाही, तोही उठून गेला नाही. पेत्राचंही तेच. यापोत त्याला अशुद्ध मानलेल्या प्राण्यांनी भरलेल्या चादरीचा दृष्टान्त तीनदा होतो, तरी त्याला उमगत नाही. यहुदी नसलेल्या, परक्या कर्नेल्याच्या घरी जायचं तर तो सहा भावांना सोबत नेतो. नवा विचार त्यालाही गिळायला जड गेला. नंतर यरुशलेमेत जाब विचारला गेला तेव्हा ते सहाजण साक्षीला उभे होते. तुझ्या पाठीशी असे सहा आहेत का? दोन तरी? मला तुझ्या प्रश्नांची भीती वाटत नाही. रात्री दोन वाजता तू एकटी लॅपटॉपसमोर बसून देव आहे की नाही ते ठरवतेयस, याची वाटते.

तर आता सरळच लिहिते. तिथे हैदराबादला सीएसआयची, म्हणजे चर्च ऑफ साउथ इंडियाची, चर्चेस आहेत, तेलुगू आणि इंग्लिश दोन्ही उपासना होतात. आपली सीएनआय, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, १९७०ला नागपुरात झाली, सीएसआय १९४७ला मद्रासला. दोघींत प्रभुभोजनाची सहभागिता आहे, तुझं दृढीकरण (कन्फर्मेशन) तिथे चालतं. एक चर्च निवड आणि लागोपाठ चार रविवार तिथेच जा, त्यांत एक प्रभुभोजनाचा. पहिल्या रविवारी कुठलंच चर्च बरं वाटत नाही. प्रवचनावरून निवडू नकोस. चांगलं प्रवचन यूट्यूबवरही मिळतं, पण त्या प्रवचनकाराला तू दोन आठवडे तापाने पडलीस तर कळत नाही. नुसता तरुणांचा ग्रुप असेल तिथे अडकू नकोस, म्हातारी माणसं आणि रडणारी पोरं असलेली मंडळी बघ. शेवटच्या बाकावर बसू नकोस, तिथून निसटता येतं. उपासनेनंतर पंधरा मिनिटं थांब, आणि तिसऱ्या रविवारी काहीतरी काम माग. खुर्च्या लावायला कुणाचीच ना नसते. चार रविवारांनंतर नाहीच जमलं तर सोड, दुसरं बघ. मी काही म्हणणार नाही. म्हणजे म्हणेन, पण फोन ठेवून देईन.

पाळकसाहेबांकडून तुझं सभासदत्वाचं पत्र घेतलंय, सोबत घातलंय. तिथल्या पाळकांनाच दे, ऑफिसात टेबलावर ठेवून येऊ नकोस. घाई नाही. त्याच्यावर चहा मात्र सांडू नकोस, दुसरं हवं तर मला पुन्हा कमिटीपुढे जावं लागेल, आणि कमिटीत विलासकाका आहेत.

तुझी,
मम्मी