रविवारी पार्ट्स अदलाबदल, येताना माप घेऊन या

मंडळी, येत्या रविवारी सकाळी ११ वाजता नेहमीच्या हॉलमध्ये फोनोग्राफच्या सुट्या पार्ट्सची अदलाबदल आहे, ज्यांना काही हवंय त्यांनी शुक्रवारपर्यंत ग्रुपवर लिहा. नुसतं "एडिसनची स्प्रिंग हवी" असं प्लीज लिहू नका, त्यावरून काहीच कळत नाही. मॉडेलचं नाव, प्लेटवरचा सिरियल नंबर आणि जुन्या पार्टचा पट्टीशेजारी ठेवून काढलेला फोटो टाका.

- मेन स्प्रिंग: रुंदी, जाडी, लांबी आणि टोकाला भोक आहे की हूक. मी मागे फक्त रुंदी बघून मागवली, ती जाड निघाली आणि बॅरलमध्ये (स्प्रिंगच्या गोल डब्यात) मावलीच नाही, पैसे गेले ते गेलेच. चावी पूर्ण उतरल्याशिवाय बॅरल उघडायचा नाही, हात कापतो.
- रिप्रोड्यूसर (सिलिंडरवर टेकून आवाज काढणारा भाग): एडिसनच्या २ मिनिटांच्या सिलिंडरला, म्हणजे नळीसारख्या रेकॉर्डला, मॉडेल सी, ४ मिनिटांच्याला मॉडेल एच. १९१२ पासूनच्या निळ्या अंबेरोल (सेल्युलॉइडच्या) सिलिंडरसाठीचा हिऱ्याचा रिप्रोड्यूसर मेणाच्या सिलिंडरवर कधीच लावू नका, खोबणीच खरवडून निघते.
- साउंडबॉक्सचे (तबकडीवर सुई टेकवून आवाज काढणाऱ्या भागाचे) रबर गॅस्केट कडक झाले असतील तर नवीनच घ्या. अभ्रकाची चकती मात्र तडा नसेल तर जुनीच ठेवा.

नवीन बनवलेला पार्ट जुना म्हणून द्यायचा नाही, तसं आधीच सांगायचं. आणि काढलेले जुने पार्ट फेकू नका, घेऊन या.