सूचना : देशी रोपे टपालाने मागविताना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, पावसाळी लागवडीसाठी देशी रोपांची एकत्रित मागणी लवकरच नोंदविली जाणार असून, प्रत्येकाने रोपाच्या मराठी नावासोबत त्याचे शास्त्रीय नावही न चुकता लिहून द्यावे. गेल्या वर्षी मी नुसते ‘अशोक’ असे लिहिले आणि खोक्यातून निघाला तो कुंपणाला लावतात तो उंच वाढणारा, लाटदार कडांच्या लांबट पानांचा खोटा अशोक. आपल्याला हवा असतो तो सीतेचा अशोक, म्हणजे सराका असोका, ज्याची कोवळी पालवी तांबूस असते आणि ओल्या कापडासारखी मऊ लोंबते. बकुळ, कुडा आणि आपले राज्यपुष्प असलेले ताम्हण यांची नोंदही अशीच नेमकी करावी. गुलमोहर मात्र मूळचा मादागास्करचा असल्याने या यादीत धरला जाणार नाही.

पार्सल हाती येताच उघडावे, मुळांभोवतीचा मातीचा गोळा न फोडता हलके पाणी द्यावे आणि रोप आठवडाभर सावलीत ठेवून, नवी पालवी तरारली की मगच जमिनीत लावावे, ही आग्रहाची विनंती.

– सचिव