बोट सुटायच्या आधी

हर्णे,
सोमवार, रात्री

चि. सायली हिस,
अनेक आशीर्वाद.

खेडला गाडी सुटली तेव्हा तू खिडकीतून हात केलास, पण तो आईला. माझ्याकडे बघितलंही नाहीस. लागलं मला, आणि लागायलाच हवं होतं. तुझ्या सरांना मी फोन करायला नको होता. स्वतःच्या हिमतीवर अंटार्क्टिकाकडच्या समुद्राच्या मोहिमेत निवड झालेल्या मुलीच्या बापाने मागच्या मागे फोन करून "तिला विंचपाशी, त्या तार ओढायच्या यंत्रापाशी, उभी करू नका" म्हणून सांगायचं, हे बरोबर नाही. चार वर्षं गोव्यात राहून तू जे कमावलंस त्याचा मी अपमान केला. चुकलं माझं. सरांचीही माफी मागितली आहे.

हे वहीत लिहितोय, उद्या सुजय टाइप करून पाठवेल. गुरुवारी मॉरिशसच्या पोर्ट लुईहून बोट सुटायच्या आधी तुला मिळालं पाहिजे, कारण एकदा बोट दक्षिणेला लागली की तू कामात आणि आम्ही इथे. या पत्रात तारेचा विषय काढायचा नाही असं ठरवून बसलोय.

पहिले तीन-चार दिवस पोट रिकामं ठेवू नकोस. मळमळतंय म्हणून उपाशी राहिलं की जास्त त्रास होतो. आईने आमसुलं आणि आलेपाक बांधून दिलाय तो बॅगेच्या तळाशी नको, खिशात ठेव. तू लहानपणापासून मचव्यात बसलेली आहेस हे खरं, पण आपला समुद्र वेगळा. आपल्याकडे वारा कितीही भडकला तरी एका बाजूला सह्याद्री आहे. चाळीस अंशांच्या खाली त्याला अडवायला जमीन जवळजवळ नाहीच, तो पृथ्वीला फेरी घालत राहतो आणि लाटा त्याच्याबरोबर वाढत जातात, हे तूच मला पृथ्वीचा गोल फिरवून दाखवलंस. चाळीसला गर्जणारे, पन्नासला खवळलेले, साठला किंचाळणारे वारे. दर्यावर्दी माणसं उगाच नावं ठेवत नाहीत.

आणि अशा लाटांत बोट थांबवून तुम्ही सीटीडी, म्हणजे पाण्याचं तापमान आणि खारेपणा मोजणारं ते यंत्र, नमुन्याच्या बाटल्यांसकट तारेवरून खाली सोडणार. चार हजार मीटर म्हणजे आपले दोन हजारांवर वाव. एवढी खोली मी आयुष्यात बघितली नाही. मिनिटाला साठ मीटर म्हटलं तरी खाली जायलाच तास उलटणार, वर येताना प्रत्येक खोलीवर थांबून एकेक बाटली बंद करायची, म्हणजे सगळं मिळून तीन तास. तीन तास ती तार ताणलेली. बोट लाटेवर चढली की ताण, उतरली की ढील, आणि ढिलीतून जो हिसका बसतो तो सगळ्यात वाईट.

बघ, आलंच. आता आलंय तर एकदाच सांगतो. ताणलेल्या तारेच्या रेषेत उभं राहायचं नाही. दोराचं वेटोळं पडलेलं असेल तर त्यात पाय ठेवायचा नाही, एका क्षणासाठीसुद्धा नाही. तार फिरत असताना तिला हात लावायचा नाही, हातमोजा घालून तर नाहीच, कारण मोजा आधी अडकतो. आणि रात्रपाळीत पहाटेच्या वेळी जास्त जप. तिकडे जानेवारीत फार खाली गेलात की सूर्य मावळतच नाही, त्यामुळे माणूस दमलाय हे त्यालाच कळत नाही.

काकाचं झालं तेव्हा चार वाजले होते. जाळ्याच्या फळ्या वर येत होत्या, मी सुकाणूवर होतो. तो ओरडलासुद्धा नाही. मी मागे वळून बघितलं तेव्हा तो आपल्या हाताकडे बघत उभा होता, कोणाचा तरी दुसऱ्याचा हात असल्यासारखा. बंदर गाठायला साडेसहा तास लागले. तुम्हा मुलांना आम्ही एवढंच सांगितलं की हात मशीनमध्ये गेला. मशीन नव्हतं ते. तार होती, आणि ती मी ओढायला सांगितली होती. आत्याला माहीत आहे, आईला माहीत आहे. आता तुला सांगितलं. सरांना फोन मी का केला ते यावरून समजून घे, माफ कर म्हणत नाही.

भाषण झालं. असो.

दिवाळीत तू स्वयंपाकघरात प्राणवायूचा नमुना कसा घेतात ते करून दाखवलंस, ते सारखं आठवतंय. खालून पाणी आलं की निस्किन बाटलीतून, म्हणजे त्या नमुन्याच्या बाटलीतून, सगळ्यात आधी प्राणवायूचाच नमुना काढायचा, कारण हवा लागली की आकडा बिघडतो. तू आईच्या लोणच्याच्या बरणीत नळी अगदी तळाला टेकवलीस, पाणी हळूहळू वर येऊ दिलंस, काठावरून बराच वेळ वाहू दिलंस, आणि बरणी उजेडात धरून बुडबुडा शोधत बसलीस. एक होता, कडेला चिकटलेला, मोहरीच्या दाण्याएवढा. सगळं ओतून पुन्हा पहिल्यापासून केलंस. आई म्हणाली, "एका बुडबुड्यासाठी?" तू म्हणालीस, "आई, चार किलोमीटर खालचं पाणी आहे असं समज." मी काही बोललो नाही, पण त्या वेळी मला वाटलं, ही तांडेल आहे. जाळं फाटलेलं दिसलं तर तसंच पाण्यात न टाकणारी.

मी पस्तीस वर्षं समुद्रावर काढली. जवळा पूर्वी किती यायचा आणि आता किती येतो, कुठला मासा कुठल्या महिन्यात यायचा बंद झाला, हे मी कोणालाही सांगू शकतो. पण माझ्याकडे एक आकडा लिहिलेला नाही. मीटिंगला साहेब विचारतात, "कशावरून?" तर माझ्याकडे माझ्या तोंडाखेरीज काही नाही. तुझं तसं होणार नाही. तिकडच्या क्रिलचे फोटो तू दाखवलेस तेव्हा मी म्हटलं होतं, हा तर आपला जवळाच, फक्त बोटाएवढा. तू म्हणालीस जात वेगळी, पण काम तेच: सगळ्यांनी खायचं. देवमासा, सील, पेंग्विन सगळे त्याच्यावर. आणि त्याची पिल्लं हिवाळ्यात बर्फाच्या खालच्या अंगाला धरलेलं शेवाळ खाऊन जगतात. २०२३ च्या हिवाळ्यात तिथला समुद्री बर्फ १९७९ पासूनच्या उपग्रहाच्या नोंदींत सगळ्यात कमी झाला, हे तू सांगितलंस तेव्हा मला क्रिलची काळजी वाटली, खरंच वाटली. ज्याच्या खालचा जवळा जातो त्याच्या वरचं सगळंच जातं. हे मला कोणी शिकवायला नको. पण लिहून ठेवणारी तू आहेस.

तुझ्या टेबलावरचं ते कात्रण काल पुन्हा वाचलं. आपल्या नागपूरच्या अदिती पंत आणि त्यांच्याबरोबर सुदीप्ता सेनगुप्ता, १९८३-८४ च्या मोहिमेत अंटार्क्टिकाला गेलेल्या पहिल्या दोन भारतीय बायका. पंतबाई समुद्रशास्त्रातल्याच. त्या वर्षी मी आठवीत होतो आणि नापास झालो होतो. आज माझी मुलगी त्याच पाण्यात चालली आहे. लिलावाला गेलो की कोणीतरी विचारतंच, "सायली कुठपर्यंत पोचली?" मी मॉरिशस सांगतो. पुढचं सांगताना माझा आवाज बदलतो, लोकांनाही कळतं.

आईला मात्र कोणी विचारलं की ती नुसती मान हलवते. भिंतीवरच्या कालनिर्णयावर रोज एक फुली मारते. काल मला म्हणाली, "आता कळलं ना?" मी विचारलं काय, तर उठून आत गेली. मला कळलं होतं. फयान वादळाच्या वेळी, नोव्हेंबर २००९, तू चौथीत होतीस. आम्ही कशीबशी जयगडच्या खाडीत बोट घातली आणि तिसऱ्या दिवशी परत आलो. तू, आई, आजी दोन रात्री बंदरावर होता. मी उतरल्या उतरल्या डिझेल किती उरलं ते बघायला गेलो होतो. तुम्ही कशा होतात हे विचारायचं सुचलंच नाही, कधीच नाही. मी नेहमी जाणाऱ्यांतला. मागे राहिलेला माणूस दिवसभर काय करतो, हे मला खेडहून परत येताना गाडीत पहिल्यांदा कळलं. डबा उघडला नाही की बोललो नाही दोघंही.

तू म्हणशील, बाबा, बोट मोठी आहे, माणसं शिकलेली आहेत, विंचवर माणूस वेगळा असतो. सगळं मान्य. तू त्या एक्सबीटीचं सांगितलंस ते मला फार आवडलं. चालत्या बोटीवरून टाकायचं, केसासारखी तांब्याची तार सुटत जाते, खालच्या पाण्याच्या तापमानाचे आकडे बोटीवर येत राहतात, आणि शेवटी तार आपली आपण तुटून जाते. तुटली तरी कोणाचं काही जात नाही. जमलं तर तेच काम जास्त माग. नाही, असं मागू नकोस. सर देतील ते कर आणि नीट कर.

तू ठेवून गेलेला थर्मामीटर रोज वापरतो. सांगितलंस तसंच: सकाळी सात वाजता जेटीच्या टोकाला जाऊन बादली टाकतो, सुवर्णदुर्गाच्या बाजूला, बोटींचं पाणी नाही तिकडे. बादली सावलीत ठेवतो, थर्मामीटर पाण्यातच ठेवून वाचतो, बाहेर काढून नाही. दोनदा वाचतो. वहीत तारीख, वेळ, भरती की ओहोटी, वारा आणि आकडा. एक दिवस चुकला, शुक्रवार, तुझं सामान बांधत होतो. ती जागा कोरी ठेवली आहे, अंदाजाने भरली नाही.

आज ओहोटी लागलेली, वारा नाही, २६.५.

तुझं पहिलं स्टेशन, म्हणजे बोट थांबवून मोजायची पहिली जागा, झालं की तिथला आकडा पाठव, समोरच्या पानावर लिहीन. आणि तार वर येत असते तेव्हा तू डेकवर नेमकी कुठे उभी असतेस, ते एका ओळीत कळव. मी परत विचारणार नाही.

तुझा,
बाबा