कोविड वॉर्डातल्या त्या सिस्टरना

सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही. पीपीई किटच्या पाठीवर तुम्ही मंडळी मार्करने नाव लिहायचात, पण फोन कायम तुमच्या हातात आणि कॅमेरा माझ्या वडिलांकडे, आप्पांकडे. आम्हाला दिसायचा तो ग्लोव्हजमधला तुमचा अंगठा. ते जम्बो सेंटर कधीच उठलं, त्याबरोबर तुमचं कंत्राटही संपलं असणार. आता चौकशी तरी कुठे करायची, म्हणून हे जाहीर पत्र.

एप्रिल २०२१. राज्यात दिवसाला ६० हजारांच्या वर नवे पेशंट सापडत होते. साताऱ्याकडच्या आमच्या गावातून आप्पांना, बेड मिळेल तिकडे, अंगावरच्या कपड्यांनिशी हलवलं. मोबाइल घरीच राहिला. आई स्वतः पॉझिटिव्ह, मागच्या खोलीत एकटी. आधीच्या दवाखान्यातून "पेशंट स्टेबल आहे" यापलीकडे काही कळायचं नाही.

तुमचा पहिला व्हिडिओ कॉल आला तेव्हा तुम्ही आप्पांना लगेच दाखवलं नाहीत. कॅमेरा छताकडे धरून म्हणालात, "ताई, आजोबांच्या तोंडावर बायपॅपचा, म्हणजे श्वासाला मदत करणाऱ्या मशीनचा मास्क आहे, पट्ट्यांनी घट्ट बांधलाय. बोलता येणार नाही, पण त्यांना सगळं ऐकू येतंय. डोळे सुजल्यासारखे दिसतील, घाबरू नका. रडायचं असेल तर आत्ता रडून घ्या, मी थांबते." आणि खरंच थांबलात. आईने पदराने डोळे पुसले, मग म्हणाली, "दाखवा." हे तुम्हाला कुणी शिकवलं होतं की आपसूक सुचलं? आजवर भेटलेल्या कुठल्याच दवाखान्यात मी इतकी समजूत पाहिलेली नाही.

आप्पा रात्री मास्क ओढून काढतात, हेही तुम्हीच सांगितलंत. आयसीयूत दिवस-रात्रीचं भान सुटतं, माणूस भ्रमात जातो आणि अशा वेळी ओळखीच्या आवाजाने तो भानावर यायला मदत होते, हे मला नंतर कळलं. तुम्ही रात्रपाळीतून फोन लावलात. "आजी, तुम्हीच सांगा, आमचं ऐकत नाहीत." आई म्हणाली, "अवं, ऐकताय न्हवं? त्या सिस्टर सांगत्यात तसं करा की. मास्क काढू नगा." त्या रात्री त्यांनी मास्कला हात लावला नाही.

पुढच्या एका कॉलमध्ये आप्पा दोन्ही मुठी आळीपाळीने खाली-वर करत राहिले. तुम्हाला वाटलं, हात दुखताहेत. आईने बघताक्षणी ओळखलं, "म्हस व्याली का इचारत्यात!" व्याली होती, रेडी झाली होती. भावाने गोठ्यात जाऊन व्हिडिओ काढून पाठवला आणि तुम्ही तो आप्पांना पुन्हा पुन्हा दाखवलात. वॉर्ड भरलेला असताना, सिस्टर, त्यासाठी वेळ काढलात.

पेशंटला मोबाइल वापरू द्यावा, घरच्यांशी बोलणं झालं की त्याचं मन शांत राहतं, अशा अर्थाचं पत्र केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने जुलै २०२० मध्येच राज्यांना पाठवलं होतं. पण पत्राने फोन लागत नाही. दोन-दोन ग्लोव्हज घातले की स्क्रीन बोटाला दाद देत नाही. मशीनच्या आवाजात स्पीकर ऐकू येत नाही, आप्पांना तर आधीच कमी ऐकू येतं. टॅब प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा, प्रत्येक कॉलनंतर पुसून काढायचा, रेंज मिळेना की पुन्हा लावायचा. तेही अंगात किट, घशाला कोरड आणि ड्यूटी संपेपर्यंत बाथरूमला जायची सोय नाही, अशा अवस्थेत.

शेजारच्या बेडवरचे काका वाचले नाहीत. त्यांचा मुलगा आखातात नोकरीला होता, त्याला येणं शक्य नव्हतं. त्यांच्या शेवटच्या दिवशी तुम्ही त्याला फोन जोडून दिलात आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत टॅब काकांच्या कानाशी धरून उभ्या राहिलात, हे आप्पांनी घरी आल्यावर सांगितलं. तो मुलगा हे वाचेल की नाही कोण जाणे. त्याच्या वतीनेही मी तुमचे आभार मानते.

आजही आयसीयूत भेटायची वेळ ठरलेली असते आणि परगावच्या म्हाताऱ्या माणसाला तेवढ्यासाठी एसटीने येणं झेपत नाही. कोविड सरला, तरी ही ताटातूट आहेच. प्रत्येक आयसीयूत एक टॅब हवा आणि तो हातात धरायला नेमून दिलेलं माणूस हवं. टॅब देणगीतून मिळतो. माणसाच्या ड्यूटीत त्यासाठी वेळ धरणं, हे मात्र रुग्णालयांनीच करायला हवं. तुम्ही ते कुणी सांगितलेलं नसताना केलंत, म्हणून ते पुढेही कुणाच्या तरी चांगुलपणावर सोडून द्यावं, हे मला पटत नाही.

आप्पा बरे आहेत. चढ लागला की दम लागतो, पण धार स्वतःच काढतात. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचलं तर एक फोन करा. नंबर तोच आहे. आईला तुमच्याशी बोलायचंय.

तुमची,
आप्पांची लेक