आठवी ते दहावीची सकाळची शाळा

डोंबिवली

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. शाळा समितीवर तुझी निवड झाली याचा आनंद आहेच. त्याहून अधिक आनंद याचा, की येत्या जूनपासून सत्रांच्या वेळा काय ठेवायच्या हा विषय समितीपुढे येण्याआधी तू माझे मत विचारलेस. तुमच्या नाशिकच्या शाळेत आठवी ते दहावी सकाळी सातला भरते आणि पाचवी ते सातवी दुपारी साडेबाराला. वर्गखोल्या मोजक्याच असल्यामुळे दोन सत्रांवाचून गत्यंतर नाही. आणि मोठी मुले सकाळी, लहान मुले दुपारी ही पद्धत इतकी जुनी आहे की ती बदलावी असे कोणाला सुचतही नाही, असे तू लिहिले आहेस. माझे मत विचारशील तर ही सत्रे उलटी करावीत. पाचवी ते सातवी सकाळी भरवावी आणि आठवी ते दहावी दुपारी. असे का म्हणतो ते सविस्तर लिहितो, कारण बैठकीत तुला प्रश्न विचारले जातील आणि त्यांची उत्तरे तुझ्याजवळ तयार असावीत.

नववी आणि दहावीला विज्ञान शिकवताना पहिला तास बहुधा माझ्याकडेच येतो. परिपाठ चालू असताना एखादी मुलगी चक्कर येऊन खाली बसते. चौकशी केली तर ती रिकाम्या पोटी आलेली असते, कारण पहाटे पाचला उठून केसांना तेल लावायचे, दोन वेण्या घालायच्या, नळाला येणारे पाणी भरायला आईला मदत करायची, यात खायला वेळ उरलेला नसतो आणि त्या वेळी भूकही लागत नाही. वर्गात आल्यावर मुले पेंगत असतातच असे नाही. कित्येकांचे डोळे उघडे असतात, फळ्याकडे लागलेले असतात, हात लिहीतही असतो. पण पहिल्या तासाची वही तपासायला घेतली की खरी गोष्ट कळते. ओळीवर सुरू झालेली अक्षरे हळूहळू ओळ सोडून खाली उतरतात, शब्दातले एखादे अक्षर गळते, वाक्य मध्येच तुटते आणि पुढचे वाक्य भलत्याच ठिकाणाहून सुरू होते. त्याच मुलाच्या त्याच वहीत चौथ्या तासाचे अक्षर स्वच्छ आणि सरळ असते. अशा मुलांना आळशी म्हणणाऱ्या माणसांशी माझे अजिबात जमत नाही. त्यांची झोप झालेली नसते, आणि ती का होत नाही हे शास्त्राने पुरेसे स्पष्ट केले आहे.

अमेरिकेत मेरी कार्स्केडन या संशोधक बाईंनी सत्तरच्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात मुलांची उन्हाळी निद्रा-शिबिरे घेतली. मूल मोठे होत जाईल तशी त्याची झोपेची गरज कमी होत जाईल, असा तेव्हाचा समज होता. प्रत्यक्षात पुरेशी संधी दिल्यावर किशोरवयीन मुलेसुद्धा लहान मुलांइतकीच, म्हणजे सुमारे सव्वानऊ तास झोपली. पुढे त्यांनीच दाखवून दिले, की वयात येताना शरीरातले घड्याळ पुढे सरकते. अंधार पडल्यावर मेंदूत स्रवणारे आणि शरीराला रात्र झाल्याची वर्दी देणारे मेलाटोनिन हे संप्रेरक या वयात उशिरा स्रवू लागते. शिवाय दिवसभर जागे राहिल्याने झोपेची जी ओढ साठत जाते, तीही या वयात सावकाश साठते. त्यामुळे नऊ वर्षांचे मूल जेवताजेवता डुलक्या घेते आणि पंधरा वर्षांचा त्याचा भाऊ त्याच घरात, त्याच दिव्याखाली साडेदहाला टक्क जागा असतो. त्याला साडेनऊला अंथरुणावर पाठवले तरी तो कूस बदलत पडून राहतो. तेरा ते अठरा या वयात आठ ते दहा तास झोप हवी, असे तिथल्या निद्राविकार तज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ मध्ये सांगितले आहे. साडेअकराला झोप लागणाऱ्या आणि साडेपाचला उठवल्या जाणाऱ्या मुलाला सहाच तास मिळतात, आणि जे तुटतात ते पहाटेचे तास असतात. स्वप्नांची झोप मुख्यतः रात्रीच्या या अखेरच्या भागातच येते. दिवसभरात शिकलेले मनात पक्के बसण्याचे काम झोपेत चालते. म्हणजे सकाळच्या सत्रात मूल नवे नीट शिकत नाही आणि आदल्या दिवशी शिकलेलेही अर्धवट पचते.

समितीतले कोणीतरी हमखास म्हणेल की हे सगळे मोबाइलमुळे होते. मोबाइलच्या उजेडाने आणि त्यातल्या गुंतवणुकीने झोप आणखी लांबते, यात वाद नाही, आणि रात्री तो मुलांच्या हातून काढून घ्यावा असेच मीही पालकांना सांगतो. पण कार्स्केडन यांनी वयात येणे आणि झोपेची वेळ पुढे सरकणे यांचा संबंध दाखवला तो १९९३ मध्ये. तेव्हा कोणत्याही मुलाच्या उशाशी मोबाइल नव्हता.

आता आपल्या राज्याचे पाहा. डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या अपुऱ्या झोपेचा प्रश्न जाहीरपणे मांडला आणि ८ फेब्रुवारी २०२४ रोजी शासनाने निर्णय काढला, की पूर्वप्राथमिकपासून चौथीपर्यंतचे वर्ग २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून सकाळी नऊ किंवा त्यानंतरच भरवावेत. निर्णय चांगला आहे. चार वर्षांच्या बाळाला काळोखात रिक्षात कोंबू नये, हे कोणीही मान्य करील. मात्र ज्या वयात शरीराचे घड्याळच उशिराचे होते, त्या वयाच्या मुलांबद्दल त्यात एक शब्दही नाही. उलट जिथे एकाच इमारतीत सगळे वर्ग भरतात, तिथे लहान मुलांना नऊनंतरची जागा द्यायची तर मोठ्यांना सातलाच बोलवावे लागते. लवकर उठणे ज्यांना तुलनेने सोपे जाते त्यांना सवलत मिळाली, आणि ज्यांना ते सर्वांत जड जाते त्यांच्या माथी पहाट मारली गेली. तुमचे चौथीपर्यंतचे वर्ग वेगळ्या इमारतीत नऊला भरतात, म्हणून तुम्हाला ही अडचण नाही आणि उरलेल्या दोन सत्रांची अदलाबदल पूर्णपणे तुमच्या हातात आहे.

आणखी एक गोष्ट आपल्याकडची आहे, आणि तिचा विचार फारसा कोणी करत नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते; आपण त्याच्या बरेच पश्चिमेला राहतो. मुंबईची सूर्यानुसारची वेळ घड्याळाच्या सुमारे एकोणचाळीस मिनिटे मागे आहे आणि नाशिकची जवळजवळ पस्तीस मिनिटे. प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली, तरी मुंबईत ‘मुंबईची वेळ’ १९५५ पर्यंत टिकून होती, हे तुला ठाऊक असेल. आपल्या मुलांची घंटा घड्याळात सातला होते, तेव्हा सूर्याच्या हिशेबाने साडेसहाही वाजलेले नसतात. जानेवारीत तर नाशिकला सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. म्हणजे मुले परिपाठाला रांगेत उभी राहतात तेव्हा तो उगवलेलाही नसतो. शरीराचे घड्याळ रोज जुळते ते सकाळच्या उजेडाने, आणि तोच त्यांना मिळत नाही. मौलिक जगनानी या अर्थतज्ज्ञाने भारतातलीच आकडेवारी घेऊन दाखवले आहे, की सूर्यास्त तासभर उशिरा होत असेल तर मुलांची झोप सुमारे अर्ध्या तासाने कमी होते, कारण मुले उशिरा झोपतात पण शाळेची वेळ तीच राहते. पश्चिमेकडच्या मुलांना हा भुर्दंड रोज बसतो.

घरचीही बाजू आहे. इकडे डोंबिवली-कल्याणला बाप लोकलने घरी पोहोचतो तेव्हा नऊ वाजून गेलेले असतात. घरातले जेवण त्यानंतर होते, आणि दोन खोल्यांच्या घरात जोवर मोठी माणसे जागी आहेत तोवर दिवा मालवला जात नाही. तुमच्याकडे अंबड-सातपूरच्या कारखान्यांतून दुसरी पाळी करून येणाऱ्यांच्या घरी याहून निराळे काय असणार? ‘लवकर निजे, लवकर उठे’ हे ज्या घरात दिवेलागणीनंतर तासा-दोन तासांत सगळे आडवे होत, त्या घराला शोभत होते. त्यातले ‘लवकर निजे’ आपण केव्हाच सोडून दिले आणि ‘लवकर उठे’ तेवढे मुलांसाठी ठेवले.

वेळ बदलून खरोखर उपयोग होतो का, हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर उपलब्ध आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात एडाइना या गावाने १९९६ मध्ये हायस्कूलची वेळ ७.२० वरून ८.३० केली, पुढच्या वर्षी मिनिआपोलिस शहराने ७.१५ ची ८.४० केली, आणि तिथल्या विद्यापीठातल्या कायला वॉलस्ट्रॉम यांनी त्याचा पाठपुरावा केला. बालरोगतज्ज्ञांच्या अमेरिकन अकादमीने २०१४ मध्ये शिफारस केली, की किशोरांच्या शाळा साडेआठच्या आधी भरू नयेत. सर्वांत नेमका पुरावा सिअ‍ॅटल शहराचा आहे. तिथे २०१६ मध्ये वेळ ७.५० वरून ८.४५ झाली, आणि मुलांच्या मनगटावर उपकरणे बांधून झोप मोजली तेव्हा ती रोज सुमारे ३४ मिनिटांनी वाढलेली आढळली. शाळा उशिरा भरली तर मुले तेवढीच उशिरा झोपतील ही भीती तिथे खोटी ठरली. पाहिलेल्या दोन शाळांपैकी जिथे गरीब घरांतली मुले अधिक होती, तिथली पहिल्या तासाची हजेरीही सुधारली. आपल्या शाळांच्या दृष्टीने मला ही गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची वाटते. कॅलिफोर्नियाने तर कायदाच केला आणि जुलै २०२२ पासून हायस्कुले साडेआठच्या आत भरवायला बंदी घातली.

बैठकीत खरा विरोध होईल तो क्लासच्या वेळांवरून. दहावीचे क्लास संध्याकाळी असतात. शाळा साडेपाचला सुटली तर मुले क्लासला केव्हा जाणार, असे पालक विचारतील. त्यांना सांग, की क्लास सकाळी आठ-साडेआठलाही घेता येतात, आणि तुमच्या शाळेतली तीन इयत्तांची मुले एकदम दुपारी बसू लागली तर क्लासवाले वेळा बदलतीलच; त्यांना मुले हवी असतात. शाळेने क्लासच्या सोयीने चालावे हे मुळातच चूक आहे. शिवाय दहावीच्या बोर्डाचा पेपर सकाळी अकराला सुरू होतो. सातला मुलांची परीक्षा घ्यावी असे मंडळालाही वाटत नाही. दुसरा आक्षेप शिक्षकांचा असेल, आणि तो मी हलका लेखत नाही. सकाळच्या सत्रात दुपार मोकळी मिळते, आणि लांबून येणाऱ्या किंवा घरी म्हातारी माणसे असणाऱ्या शिक्षकांची त्यावर सगळी घडी बसलेली असते. त्यांच्याशी आधी बोला. ज्यांना सकाळ हवी त्यांना पाचवी ते सातवीचे वर्ग देता येतील का ते पाहा. मुलींचा प्रश्न मात्र मला सर्वांत गंभीर वाटतो. डिसेंबरात सहाच्या सुमारास अंधारू लागते, आणि लांबच्या वस्तीवरच्या मुलींना साडेपाचनंतर एकटे सोडता येणार नाही. थंडीचे दोन महिने शेवटचा तास दहा-पंधरा मिनिटांनी आवरता येईल, आणि एकाच वाटेने जाणाऱ्या मुलींचे गट शाळेनेच करून द्यावेत. पण त्याच मुली आज पहाटे साडेसहाच्या काळोखात त्याच रस्त्याने एकट्या येतात, हेही सभेला सांगायला विसरू नकोस.

पाचवी ते सातवीला सकाळी बसवणे ही त्या मुलांना शिक्षा ठरू नये, याचीही काळजी घ्यायला हवी. सातवीतल्या अनेक मुली वयात आलेल्या असतात आणि त्यांचे घड्याळ सरकायला लागलेले असते. म्हणून सकाळची घंटा सातऐवजी निदान साडेसातला व्हावी. दोन सत्रांमधला वेळ थोडा कमी केला आणि दुपारचे सत्र थोडे पुढे ढकलले तर हे जमेल असे तुझ्या वेळापत्रकावरून दिसते. ढकललेल्या मिनिटांचा भार थंडीत मुलींवर पडू नये, तेवढे पाहा. एप्रिलमधल्या उन्हात मात्र सगळ्यांचीच सकाळची शाळा ठेवावी लागेल. तेवढ्या आठवड्यांपुरते ते सोसले पाहिजे.

बैठकीपूर्वी एक काम कर. आठवी ते दहावीच्या मुलांना कोरे कागद वाट आणि नाव न घालता दोनच गोष्टी लिहायला सांग: काल झोप केव्हा लागली आणि आज केव्हा उठलास. वर्गशिक्षकांऐवजी तू स्वतः कागद गोळा कर, म्हणजे मुले खरे लिहितील. सरासरी काढून ती आधी मुख्याध्यापकांना दाखव, मग समितीला. ठराव एका वर्षासाठी आणि प्रायोगिक म्हणून मांडलास तर विरोध सौम्य होईल; पहिल्या तासाच्या हजेरीचे आणि उशिरा येणाऱ्यांचे या वर्षीचे आकडे मात्र आत्ताच लिहून ठेव, नाहीतर पुढच्या मार्चमध्ये तुलना कशाशी करणार? वेळापत्रकाचा कच्चा तक्ता मी करून देतो. तासांची संख्या आणि प्रयोगशाळा कोणत्या वर्गाला कोणत्या दिवशी लागते, तेवढे उलट टपाली कळव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश